चॉकलेटी खेकडा

माझ्या कामाच्या खोलीत टेबलावर एक इंजिन उभं आहे. चार फुटांहून जरा लांब, पितळेचं, आणि चुकीच्या रंगाचं. आल्यागेल्याला ते फार आवडतं. काय हो ही बारकाई, म्हणतात. मी चहाचं विचारतो आणि विषय बदलतो. रंगाचा विषय निघाला की माझा आवाज चढतो आणि बायको स्वयंपाकघरातून डोकावते, म्हणून मी तो निघू देत नाही.

सातपूरच्या एका कंपनीत मी टूलरूममध्ये आयुष्य काढलं. तिथे केसाच्या जाडीची चूक म्हणजे सगळा जॉब भंगारात, त्यामुळे चूक सहन न होण्याची सवय हाडात मुरली. निवृत्त झाल्यावर माझ्या बरोबरीचे लोक सहलींना जायला लागले, मी इंजिनं करायला लागलो. खोक्यातून येतात आणि जोडायची असतात ती नव्हेत. एका फुटाला पाऊण इंच हे माप धरून, पत्रा कापून, वाकवून, डाग देऊन केलेली. पत्र्यावरचे रिबिट दिसावेत म्हणून मागच्या बाजूने टोचा ठेवून एकेक हलकी टिचकी मारायची. एका बाजूला सहाशेच्या वर रिबिट होतात. एखादी टिचकी जोरात बसली की पत्र्याला भोक, मग पुन्हा पहिल्यापासून. मला यात आनंद होतो, काय करणार.

पहिली दोन इंजिनं वाफेची केली. त्यांत चुका राहिल्या. दुसऱ्या कुणाला त्या दिसत नाहीत, मला मात्र खोलीत शिरल्याबरोबर दिसतात. तिसरं करायला घेतलं तोपर्यंत उजवा अंगठा थरथरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. मी काय ते समजलो. हे शेवटचं, आणि यात एकसुद्धा चूक राहू द्यायची नाही, असं ठरवून टाकलं. एवढी एकच गोष्ट मला हवी होती.

हे तिसरं म्हणजे घाटात मालगाड्या ओढणारं जुनं विजेचं इंजिन. रेल्वेची माणसं त्याला खेकडा म्हणत. मध्ये केबिन, पुढेमागे दोन लांब नाकं, आणि चाकांना जोडणारे जाडजूड दांडे. इंजिन चाललं की ते दांडे वरखाली व्हायचे, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. मी ते जवळून कधीच पाहिलं नव्हतं. माझ्याकडे होते सगळे काळेपांढरे फोटो, आणि तेही बाहेरून काढलेले. केबिनच्या आत काय होतं हे एकाही फोटोत दिसत नव्हतं.

इथे ड्रायव्हरसाहेब आले. नाशिक रोडला आमच्याच कॉलनीत, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये राहतात. माझ्यापेक्षा आठदहा वर्षांनी मोठे. सगळी कॉलनी त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणते, म्हणून मीही म्हणायला लागलो. ते मला मिस्त्री म्हणतात. एका रविवारी सकाळी फिरून येताना उघड्या दारातून त्यांना टेबलावरचा सांगाडा दिसला आणि न विचारता आत आले. नुसत्या पितळेच्या नाकावरून हात फिरवला. उजव्या हाताच्या दाराला इथे पोचा होता, म्हणाले. शेडमध्ये कुणीतरी जॅक पाडला होता, तेव्हाचा.

त्यानंतर पाच वर्षं, एकूण एक रविवार. खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी घेऊन नऊला यायचे, बाराला वहिनींचा फोन आला की जायचे.

आमची काम करायची एक पद्धत बसली होती. ड्रायव्हरसाहेब स्टुलावर बसायचे आणि डोळे मिटायचे. मग हात पुढे करून म्हणायचे, ब्रेकचं हँडल इथे. हात जिथे थांबेल तिथे मी टेप लावायचो. जमिनीपासून किती, गुडघ्यापासून किती, ते लिहायचो आणि सोळाने भागायचो. शिट्टीची दोरी, वाळूचा खटका, खिडकीची कडी, सगळं असं त्यांच्या हातावरून उतरवलं. महिन्याभराने तेच पुन्हा विचारून बघायचो, मी काही कमी खवचट नाही. हात त्याच जागी थांबायचा, बोटभराचाही फरक नाही.

जेवणाच्या डब्याचा हूक मी खिडकीच्या उजवीकडे लावला होता. त्यांनी तो काढायला लावला. उजवीकडे असता तर ब्रेक ओढताना डबा कोपराला लागला असता, म्हणाले. पेन्सिलीच्या टोकाएवढा हूक. मी तो काढला, भोक बुजवलं आणि डावीकडे लावला. त्या दिवशी मी बायकोला म्हटलं होतं की असा माणूस भेटायला नशीब लागतं. हे वाक्य ती अजून मला अधूनमधून ऐकवते.

मग रंगाची वेळ आली.

द्वारका चौकाजवळच्या एका भंगारवाल्याकडून मी एक पत्र्याचा तुकडा आणला होता. इगतपुरीहून आलेल्या जुन्या खेकड्याच्या दाराचा, असं तो सांगत होता. भंगारवाल्याच्या शब्दावर मी कधी जात नाही, म्हणून ब्लेडने थर खरवडून पाहिले. वर काजळी, खाली गडद हिरवा, त्याखाली गेरूसारखा लाल प्रायमर. मात्र काही खेकडे चॉकलेटी रंगाचे होते असंही मी वाचलं होतं. मग मी दोन पट्ट्या तयार केल्या, एक पत्र्याशी जुळवलेली गडद हिरवी आणि एक चॉकलेटी. ड्रायव्हरसाहेबांच्या पुढे ठेवल्या आणि विचारलं, तुमचं इंजिन यातलं कुठलं? रंगाचं नाव मी मुद्दामच घेतलं नाही. नाव घेतलं की माणूस त्या बाजूला झुकतो, हे टूलरूममध्ये शिकलो होतो.

त्यांनी चॉकलेटी पट्टीवर बोट ठेवलं.

मी म्हटलं, चॉकलेटी? अहो, पण हा पत्रा तर हिरवा निघतोय.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्या चष्मा पुसण्याचा मी तेव्हा काहीच अर्थ लावला नाही. मग म्हणाले, "पत्रा कुठल्या इंजिनाचा, कोण जाणे. मिस्त्री, मी त्यात बसलोय."

झालं. मी पत्रा खणात टाकला आणि माणसावर विश्वास ठेवला. प्रायमरवर चॉकलेटीचे सहा हात दिले, प्रत्येक हात वाळल्यावर पाण्याच्या पॉलिश पेपरने घासला. थरथरत्या अंगठ्याने हे करताना काय होतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. डाव्या हाताने उजवं मनगट धरून स्प्रे गन चालवली. पण रंग असा बसला की रिबिटांच्या कडेलाही कुठे साचला नाही.

गेल्या हिवाळ्यात गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये हौशी लोकांचं प्रदर्शन भरलं. विमानं, बोटी, आगगाड्या, आगपेटीच्या काड्यांचे किल्ले, सगळं होतं. माझ्या टेबलाभोवती सकाळपासून गर्दी. ड्रायव्हरसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून शेजारच्या खुर्चीत बसले होते आणि घाटातल्या गोष्टी सांगत होते. पावसात चाकं घसरायला लागली की रुळावर वाळू कशी सोडायची, बोगद्यात शिरताना कान कसे बंद व्हायचे. लोक तल्लीन होऊन ऐकत होते. मला फार बरं वाटत होतं, उगीच खोटं कशाला बोलू. इंजिन माझं, गोष्टी त्यांच्या, दोन्ही मिळून एक पूर्ण वस्तू झाली होती.

दुपारी टोपी घातलेला एक म्हातारा आला. इगतपुरीच्या शेडमध्ये रंगाऱ्याचं काम केलं, म्हणाला. कमरेवर हात ठेवून त्याने इंजिनाभोवती चक्कर मारली, वाकला, आणि उजव्या दाराचा पोचा बघून हसायलाच लागला. हा पोचा कुणी सांगितला तुम्हाला, विचारू लागला. माझी छाती फुगली. म्हणजे इंजिनही तेच ठरलं, आणि ते ओळखणारा माणूस समोर उभा.

मग तो म्हणाला, "लय भारी केलंय मालक. पर रंग चुकला. हिरवं व्हतं हे. म्याच मारलाय त्याला रंग, दोन टायमाला."

मी अजिबात डगमगलो नाही. माझ्याजवळ त्यात बसलेला माणूस होता. मी ड्रायव्हरसाहेबांकडे वळलो आणि म्हटलं, हे सांगतील तुम्हाला.

ड्रायव्हरसाहेबांनी त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. हसले. "रंगाचं मला नका विचारू. मी पहिल्यापासून हिरवाच सांगत होतो. हे मिस्त्री ऐकतात कुठे कुणाचं?"

आजूबाजूचे आठदहा लोक हसले. त्यात वाईट काही नव्हतं, म्हाताऱ्यांची थट्टा चालली आहे असंच त्यांना वाटलं असणार. रंगाऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि असू द्या, असू द्या म्हणत पुढच्या टेबलाकडे गेला.  काय बोलणार होतो? एवढ्या लोकांत, ऐंशीला टेकलेल्या माणसाला, तुम्ही खोटं बोलताय म्हणून? मी हात खिशात घातला.

परत येताना इंजिनाची पेटी टेम्पोत मागे आणि मी पेटीजवळ. ते पुढे, चालकाशेजारी. कॉलनीत उतरल्यावर म्हणाले, मस्त झालं नाही प्रदर्शन? मी म्हटलं, हो.

पुढचे तीन रविवार मी नऊ वाजता दार लावून घेतलं. कडी वाजली तर बायकोने सांगायचं, बाहेर गेलेत. तिने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाली, मी नाही खोटं बोलणार, काय ते जाऊन बोला. मनातल्या मनात त्यांना अरेतुरे करून, नाही नाही ते बोलून झालं होतं. पाच वर्षं मी ज्याच्या हाताला टेप लावली, त्याने मला चारचौघांत तोंडघशी पाडलं. तेही माझ्या शेवटच्या इंजिनाजवळ उभं राहून. मला राग होता आणि त्याहून जास्त लाज वाटत होती, आपण फसलो याची.

चौथ्या रविवारी दोन्ही पट्ट्या आणि तो पत्र्याचा तुकडा पिशवीत घालून मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं. ड्रायव्हरसाहेब पेपर वाचत होते. मी बसलो नाही. टीपॉयवर दोन्ही पट्ट्या ठेवल्या आणि म्हटलं, मी ऐकत नाही ना? मग आज ऐकतो. यातली हिरवी मला उचलून द्या.

ते पट्ट्यांकडे बघत राहिले. मग वहिनींकडे बघितलं. वहिनींची मान किंचित डावीकडे, हिरव्या पट्टीच्या बाजूला वळली, इतकी सहज की रोजची सवय असावी. आणि मला एकदम सगळं दिसायला लागलं. बाजारात टोमॅटो नेहमी वहिनीच निवडायच्या. द्वारकेच्या सिग्नलला शेजारची गाडी हलली की मग हे स्कूटर काढायचे, आणि मी त्यांना यावरून चिडवायचो, की घाटातला ड्रायव्हर आणि शहरात एवढा भित्रा.

त्यांनी पट्टी उचलली नाही. म्हणाले, "मला दोन्ही सारख्याच दिसतात."

वहिनी आत निघून गेल्या. मग त्यांनी सांगितलं. भरतीच्या तपासणीला रांगेतल्या पुढच्या माणसाने रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातले जे आकडे वाचले, तेच यांनी पाठ करून म्हटले. सहा वर्षं असिस्टंट म्हणून इंजिनावर काढली. सिग्नलचा दिवा वरचा पेटलाय की खालचा, एवढं बघून काम भागायचं. पुढच्या एका तपासणीत पुस्तक वेगळं निघालं आणि त्याच दिवशी इंजिनावरून खाली उतरवलं. उरलेली नोकरी पार्सल ऑफिसात पावत्या फाडत गेली. कॉलनीत राहायला आले तेव्हा कुणीतरी ड्रायव्हरसाहेब म्हटलं. त्यांनी ते दुरुस्त केलं नाही, एवढंच. मी ड्रायव्हर होतो असं तुम्हाला एकदा तरी म्हटलंय का, त्यांनी मला विचारलं. मी आठवून पाहिलं. खरंच म्हटलं नव्हतं.

खरं सांगायचं तर हे ऐकून माझा अर्धा राग जागच्या जागी गेला. रंग दिसत नाही यात माणसाचा काय दोष? डोळे मिटून त्यांनी जे जे सांगितलं ते सगळं बरोबर होतं. त्या पट्ट्यांच्या वेळी एक शब्द बोलले असते, की मिस्त्री, हे मला कळत नाही, तर मी त्यांना मिठी मारली असती. पण तेव्हा अंदाजाने बोट ठेवलं, ते चुकलं, आणि मग मागे फिरता आलं नाही. हेही समजू शकतो. मीसुद्धा हट्टी आहे.

म्हणून मी एकच विचारलं. हॉलमध्ये माझ्यावर का ढकललंत?

त्यांनी पेपरची घडी घातली. "तो शेडचा माणूस होता. चॉकलेटी म्हटलं असतं तर त्याने माझ्याकडे नीट पाहिलं असतं. मला खाली का उतरवलं ते तिथे सगळ्यांना माहीत होतं." घडी टीपॉयवर ठेवून म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही मनाला लावून घेणार नाही."

मी पट्ट्या पिशवीत टाकल्या आणि निघालो. मागून त्यांनी माफ करा म्हटल्याचं ऐकू आलं. मी जिना उतरत होतो.

मी हिरव्या रंगाचा डबा आणला. इंजिन परत घासायचं म्हणजे सहाशे रिबिट एका बाजूला, सहाशे दुसऱ्या बाजूला, पॉलिश पेपरची बारीक गुंडाळी करून. रोज सकाळी इंजिनासमोर बसायचो, अंगठ्याकडे बघायचो आणि उठायचो. असा महिना गेला. मग एका रविवारी सकाळी टेम्पोत छपराला लागलेला एक ओरखडा तेवढा बुजवून घेतला. छपराचा रंग राखाडी, तो वादात नव्हता.

त्याच सकाळी मी थिनरने स्प्रे गन धूत असताना कडी वाजली. बायकोने दार उघडलं आणि आत निघून गेली. दारात ड्रायव्हरसाहेब, हातात शेंगदाण्यांची पुडी. खोलीभर थिनरचा आणि ताज्या रंगाचा वास. ते इंजिनाजवळ आले, वाकले, नाकावरून हात फिरवला, पोच्यापाशी थांबवला. अंग थोडं खचलेलं वाटलं मला त्यांचं.

"आत्ता बरोबर दिसतंय," म्हणाले. "हिरवा छान बसलाय, मिस्त्री."

समोर इंजिन चॉकलेटीच होतं.

इतकं सांगून झाल्यावर, माफी मागून झाल्यावर, पुन्हा तेच. न दिसणाऱ्या गोष्टीला दिसतंय म्हणणं. मला खूश करायला म्हणाले असतील. नक्कीच त्यासाठीच म्हणाले. पण मला त्या क्षणी ते तसं वाटलं नाही. डोक्यात तिडीक गेली आणि मी अगदी शांत आवाजात म्हणालो, "हो. चांगला बसलाय."

ते हसले. किती दिवसांनी हसले. स्टुलावर बसून त्यांनी पुडी सोडली आणि आम्ही शेंगदाणे खाल्ले. बारा वाजता वहिनींचा फोन आला, तेव्हा गेले.

आता ते परत दर रविवारी येतात. तो ‘हो’ मी दयेपोटी म्हटला असं मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलंय. ते खरं नाही. त्यांना फसवताना मला बरं वाटलं, आणि अजूनही दर रविवारी थोडं वाटतं. वहिनी आमच्याकडे येत नाहीत, त्यामुळे इंजिन त्यांच्या नजरेला पडत नाही. बायकोला मी गप्प राहायला सांगितलंय. ती गप्प आहे, पण पूर्वीसारखं माझ्याशी बोलत नाही.

यंदाचं प्रदर्शन दोन महिन्यांवर आलंय. मी इंजिन नेणार का, म्हणून ड्रायव्हरसाहेब विचारत होते. तो रंगारी परत आला तर या वेळी मी स्वतः त्याला बोलावून आणतो, म्हणाले. दाखवतो त्याला आपला हिरवा. शर्टसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलाय. मी म्हटलं, या की, खुर्ची तुमचीच आहे.

हिरव्या रंगाचा डबा माझ्या डोक्यावरच्या फळीवर आहे. घासायला पंधरा दिवस, रंगवायला आणि वाळायला पंधरा दिवस. अंगठ्याचं निमित्त सोडलं तर वेळ पुरेसा आहे. आज सकाळी मी तो डबा खाली काढला, धूळ पुसली आणि न उघडता परत वर ठेवला.